आउटबॅकचे टायर: नक्षी नंतर, साइडवॉल आधी

[गॅरेज. मागे गाडी. हातात जुना टायर.]

नमस्कार मंडळी. आधी हे बघा. जरा जवळ आण गं कॅमेरा, अजून जवळ. हं, इथं.

दिसतेय चीर? माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी आहे. आत हे तपकिरी धागे लोंबतायत ना, गोणपाट उसवल्यासारखे, तेच टायरचं खरं अंग. त्याला प्लाय म्हणतात. आता टायर फिरवतो. वरची नक्षी बघा, अजून 7 मिलिमीटर शिल्लक आहे. शहरात या टायरनं आणखी दोन वर्षं आरामात काढली असती. पण एवढ्याशा चिरेनं तो मेला आणि मला आउटबॅकमधल्या बर्ड्सव्हिल गावात दोन दिवस बसवून ठेवलं.

दर दिवाळीला साफसफाई निघाली की बायको विचारते, हा टायर कधी फेकणार? आज त्याचा उपयोग झाला, म्हणजे आता फेकायला हरकत नाही.

तर विषय असा. मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेनची आपली मंडळी हल्ली फोर-व्हील ड्राइव्ह घेतात आणि पहिला प्रश्न विचारतात, ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारा टायर, कुठल्या कंपनीचा घेऊ? मी उलट विचारतो, जाणार कुठे? कारण बीचवरची वाळू वेगळी, व्हिक्टोरियाच्या डोंगरातला चिखल वेगळा, आणि आउटबॅकचा, म्हणजे देशाच्या आतल्या ओसाड भागाचा, दगड तर त्याहून वेगळा. आज फक्त दगडाबद्दल बोलू.

बर्ड्सव्हिल ट्रॅक घ्या. साउथ ऑस्ट्रेलियातल्या मारीपासून क्वीन्सलंडच्या बर्ड्सव्हिलपर्यंत 517 किलोमीटर. मध्ये मंगेरानीला एक हॉटेल, तिथं पेट्रोल-डिझेल, बाकी सगळं आकाश. वाटेत स्टर्ट स्टोनी डेझर्ट लागतं. नावातच दगड आहे. लालसर, पॉलिश केल्यासारखे चकचकीत गोटे नजर जाईल तिथपर्यंत पसरलेले. त्यांना इथं गिबर म्हणतात. लांबून दिसतात गोल आणि निरुपद्रवी. पण यातले बरेचसे सिल्क्रीटचे, म्हणजे सिलिकानं घट्ट झालेल्या दगडाचे असतात, आणि सिल्क्रीट फुटला की काचेसारखी धार येते. इथले मूळ रहिवासी हजारो वर्षं याच दगडाच्या कपच्यांची हत्यारं बनवत आलेत. म्हणजे तुमचा टायर 80 च्या स्पीडनं सुऱ्यांच्या ढिगावरून चाललेला असतो.

शोधप्रवासी चार्ल्स स्टर्ट 1844-45 मध्ये या भागात फिरला. ऑस्ट्रेलियाच्या पोटात समुद्र असेल म्हणून सोबत चक्क एक होडी घेऊन आला होता. समुद्र काही मिळाला नाही. मिळाले दगड. त्याचे घोडे लंगडायला लागले आणि मेंढ्यांचे खूर झिजले. या रस्त्याचा पहिला टायर-रिव्ह्यू तोच म्हणायचा.

पुढं मारीला उंटवाले आले. 1860 मध्ये बर्क आणि विल्स या शोधप्रवाशांच्या मोहिमेसाठी उंट आणले ते कराचीहून, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती बरं का. उंटाचं पंक्चर काढावं लागत नाही, हा त्याचा मोठाच फायदा. आणि 1936 पासून या ट्रॅकवर टपालाचा ट्रक चालवायचा टॉम क्रूझ. हो, हेच नाव. विमानातून उड्या मारणाऱ्याशी काही संबंध नाही. आपण एसी लावून जातो आणि टायर फुटला म्हणून रडतो, तेव्हा या माणसाची आठवण ठेवावी.

[टायर टेबलावर आडवा.]

आता मुद्द्यावर. दुकानात गेलात की माणूस काय बघतो? नक्षी. ठोकळे किती मोठे, खाचा किती खोल, पांढरी अक्षरं बाहेरून दिसतात की नाही. मीही तेच बघितलं होतं. पण वरच्या नक्षीखाली स्टीलचे पट्टे असतात. तिथं खिळा घुसला, दगड घुसला, तर प्लग मारता येतो. बाजूची भिंत, म्हणजे साइडवॉल, तिथं स्टील नसतं. फक्त रबर आणि पॉलिस्टरचे दोरे. साध्या गाडीच्या टायरमध्ये तिथं बहुतेक एक-दोन थर. चिरला की संपला, दुरुस्ती नाही.

म्हणून पहिला शोध एलटीचा. लाइट ट्रक. ही अक्षरं आकाराच्या आधी असतात. हा माझा आत्ताचा टायर बघा, वाचू या: एलटी 265/65 आर 17, पुढे 120/117 एस. 265 ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. 65 म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या 65 टक्के, म्हणजे साधारण 172 मिलिमीटर. 17 हा डिस्कचा, म्हणजे टायर बसतो त्या धातूच्या चाकाचा, व्यास इंचात. 120 हा लोड इंडेक्स, एका टायरवर 1400 किलो. 117 कशाला? ट्रकसारखी मागं जोडचाकं असतील तर त्यासाठी, आपल्या कामाचा नाही. एस म्हणजे ताशी 180 पर्यंत चालेल, जे तुम्ही करणार नाही आहात.

याच आकाराचा बिनएलटीचा टायर 112 चा मिळतो, म्हणजे 1120 किलो. आता हुशार माणूस म्हणेल, चार चाकांचे साडेचार टन होतात, माझी गाडी भरून तीन टन, मग बास की! वजनासाठी बास. पण एलटी घ्यायचा तो जास्त जाड कापडासाठी आणि सहज न तुटणाऱ्या रबरासाठी. काही कंपन्या साइडवॉलला तीन थर देतात. दुकानदाराला नक्षी दाखवू नका म्हणा, साइडवॉलवर बारीक अक्षरात लिहिलेलं वाचून दाखवा म्हणा: साइडवॉल प्लाय किती आणि ट्रेड प्लाय, म्हणजे नक्षीखालचे थर, किती. आणि ‘10 प्लाय रेटिंग’ असं लिहिलं असेल तर आत दहा थर मोजायला जाऊ नका. ते फक्त ताकदीचं जुनं माप आहे.

एलटीचं दुःखही सांगतो. जड असतो, डिझेल जास्त पितो, शहरातल्या स्पीडब्रेकरवर पाठीला कळतो. ज्यांची गाडी वर्षातून एकदा गिब रिव्हर रोडसारख्या कच्च्या रस्त्यावर जाते आणि बाकी 51 आठवडे मुलांना क्रिकेटच्या प्रॅक्टिसला नेते, त्यांनी विचार करून घ्या. पण डांबर सोडून हजार किलोमीटर जाणार असाल तर मी दुसरं काही सुचवणार नाही.

आता माझी खरी चूक. हा मेलेला टायर 20 इंची आहे. तेव्हाची गाडी सेकंडहँड घेतली होती, चकचकीत मोठ्या डिस्क, फार रुबाब. 265/50 आर 20. गणित करा: साइडवॉल 132 मिलिमीटर. आत्ताच्या टायरपेक्षा चार सेंटिमीटर कमी. डिस्क जेवढी मोठी, तेवढी दगड आणि डिस्क यांच्यामधली गादी पातळ. शिवाय बर्ड्सव्हिलला पोचलो तर या मापाचा टायरच नाही. त्या बिचाऱ्याकडे 17 इंचीची थप्पी होती, कारण गावातल्या आणि आसपासच्या स्टेशनवरच्या (म्हणजे गुरांच्या मोठ्या फार्मवरच्या) निम्म्या गाड्या त्याच मापाच्या. माझा टायर ट्रकनं येईपर्यंत मी दोन दिवस माशा मारल्या. अक्षरशः. बर्ड्सव्हिलच्या माशा फार चिकट.

तेव्हा गाडी घेतानाच बघा, 17 किंवा 18 इंची डिस्क बसते का. मॉडेलमध्ये खालची श्रेणी घेतली तर बहुतेकदा लहान डिस्क येते, आणि पैसेही वाचतात. उंच टायर घालायचा मोह झाला तर नियम लक्षात ठेवा: फोर-व्हील ड्राइव्हला कंपनीनं दिलेल्या सगळ्यात मोठ्या मापापेक्षा 50 मिलिमीटरपर्यंत जास्त व्यास चालतो असं राष्ट्रीय मार्गदर्शिकेत आहे, पण आपल्या राज्याचं बघून घ्या. 265/65 चा 265/70 केला तर व्यास साधारण 27 मिलिमीटर वाढतो, आणि काटा 100 दाखवत असताना गाडी साडेतीन टक्के जास्त पळत असते. पोलिसाला हे समजावून सांगता येत नाही.

नक्षीबद्दल थोडक्यात. मड-टेरेन, म्हणजे चिखलासाठीचा मोठ्या ठोकळ्यांचा टायर, नको. दगडी रस्त्यावर त्याचे सुटे ठोकळे कडेनं तुटतात आणि डांबरावर गाडी विमानासारखी घुमते. ऑल-टेरेनमध्येही नक्षीत मुद्दाम पाडलेल्या बारीक बारीक चिरा भरपूर असतील तर त्या ओल्या रस्त्यावर आणि बर्फावर छान, पण तीक्ष्ण खडीवर तिथूनच रबराचे टवके उडतात. बर्फाच्या डोंगराचं चिन्ह बघून जास्त पैसे देऊ नका, मारीला बर्फ पडत नाही. आणि हो, तारीख बघा. साइडवॉलवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. सेलमध्ये स्वस्त मिळतोय तो का स्वस्त आहे, ते तिथं कळतं.

[हातात प्रेशर गेज.]

आता हवा. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण टायर कितीही भारी घ्या, निम्मं काम हवेचं आहे. आपल्याला सवय काय? पंपावर जायचं, “पस्तीस मार” म्हणायचं, विषय संपला. इथं तसं चालत नाही.

दगडावर हवा फुल असली की टायर ताठ राहतो. दगड आला तर तो दबत नाही, दगडच आत घुसतो. हवा कमी केली की टायर दगडावर लोळतो, त्याला कवेत घेतो आणि पुढं जातो. म्हणून कच्च्या रस्त्यावर मी 28 ते 30 पौंड ठेवतो, आणि वेग 80 च्या वर नाही. ते पन्हळी पत्र्यासारखे लाटालाटांचे रस्ते असतात ना, तिथं तर याशिवाय दात जागेवर राहत नाहीत. मऊ वाळूत 16-18 वर येतो, पण तिथं चाळीसच्या आत, आणि वळण हळू, नाहीतर टायर डिस्कवरून निसटतो.

पण माझी चूक उलटी होती. कुठंतरी वाचलं, हवा कमी करा. मी 22 केली. आणि मग 100 नं हाणली. हवा कमी असताना साइडवॉल बाहेर फुगते, पोट सुटल्यासारखी, आणि नेमका तो मऊ भाग दगडांच्या तोंडी जातो. वर प्रत्येक फेरीला ती वाकते, तापते. तापलेलं रबर कापायला गिबरला फार कष्ट पडत नाहीत. हवा कमी करायची तर वेगही कमी करायचा. मी फक्त पहिलं अर्धं वाक्य वाचलं होतं.

मग किती हवा बरोबर, हे कसं ओळखायचं? सोपी युक्ती आहे. सकाळी निघायच्या आधी, टायर थंड असताना मोजा. समजा 30. तासभर चालवा, थांबा, चहा करा, पुन्हा मोजा. एलटी टायरला 6 च्या आसपास वाढ झाली, 36 दाखवतोय, तर ठीक. 40 दाखवला? लोकांना वाटतं हवा जास्त झाली, सोडून देऊ. नाही! ती वाढ उष्णतेमुळं आहे, आणि टायर जास्त तापला कारण सकाळी हवा कमी होती किंवा तुम्ही फार जोरात आलात. हवा सोडलीत तर आणखी तापेल. वेग कमी करा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पौंड जास्त भरा. जेमतेम दोन-तीन वाढली, तर उलट, सकाळी हवा जास्त होती. दोन दिवसांत तुमच्या गाडीचा, तुमच्या सामानाचा आकडा सापडतो. माझा आकडा तुमच्या कामाचा नाही, माझ्या गाडीत सासूबाईंनी दिलेला वीस किलो फराळ असतो.

पंक्चर किटमध्ये त्या चिकट रबरी वाती भरपूर ठेवा, आणि एकदा घरी जुन्या टायरवर सराव करा. वात आत ढकलायला किती जोर लागतो, हे पहिल्यांदा भर उन्हात कळू नये.

राहिली स्टेपनी. मी तिथं रोडहाउसवर “स्टेपनी” म्हणालो, तर माणूस बघतच राहिला. मूळ शब्द ब्रिटिशांचाच, वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलेला. तिथून 1904 मध्ये हे जादा चाक निघालं. शब्द आपण जपला, त्यांनी सोडून दिला. इथं स्पेअर म्हणा. सिम्प्सन डेझर्टला दोन न्या, आणि दोन्ही बाकीच्या चारांच्याच मापाच्या आणि जातीच्या. मागं जुना गुळगुळीत गोटा लटकवून “आहे की स्पेअर” म्हणू नका. आणि तिची हवा दर महिन्याला—

[गाडीच्या मागच्या दाराकडे जातो. गेज लावतो.]

दर महिन्याला तपासायची. माझी किती आहे बघू. टोपी काढली... हं. लागलं.

[थांबतो.]

19.

कॅमेरा बंद कर आणि तो कंप्रेसर आण गं.