उरलेले 141 सामने

मित्रहो,

फुटबॉलपटू लिलियन थुराम फ्रान्सकडून 142 आंतरराष्ट्रीय सामने खेळला आणि त्यात त्याने गोल केले फक्त दोन. तेही एकाच सामन्यात, 8 जुलै 1998 रोजी, वर्ल्ड कपच्या उपांत्य फेरीत. थुराम म्हटलं की जगाला ती एक रात्र आठवते. पण बचावपटूला त्याच्या गोलांवरून ओळखणं म्हणजे यष्टिरक्षकाला त्याच्या एखाद्या शतकावरून ओळखण्यासारखं आहे. मला आज उरलेल्या 141 सामन्यांबद्दल आणि त्यानंतरच्या थुरामबद्दल बोलायचं आहे. तरी सुरुवात त्या रात्रीपासूनच करावी लागेल, कारण त्या रात्री गोल करण्याआधी त्याच्या हातून एक चूक झाली होती.

पॅरिसला लागून असलेल्या सँ-देनीमधलं स्टाद द फ्रान्स, समोर क्रोएशिया, पूर्वार्ध 0-0. उत्तरार्धाची शिट्टी वाजून मिनिटही झालं नसेल, तोच असानोविचने फ्रान्सच्या बचावफळीच्या डोक्यावरून पास टाकला. इथं कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर गर्दी करणाऱ्यांना ऑफसाइड, म्हणजे पास सुटताना बचावफळीच्या पुढे उभ्या असलेल्या हल्लेखोराला तो चेंडू घेता येत नाही हा नियम, समजावून सांगायची गरज नाही. बाकीचे तिघे एका रेषेत पुढे सरकले होते, उजव्या बाजूचा थुराम मात्र दोन पावलं मागे राहिला. त्या दोन पावलांमुळे दावोर शुकेर ऑनसाइड ठरला. त्याने गोल केला. अख्ख्या स्पर्धेत फ्रान्सने तोवर एकच गोल खाल्ला होता, तोही डेन्मार्कविरुद्ध पेनल्टीवर.

पुढच्याच मिनिटाला थुराम कुठे होता बघा. क्रोएशियाच्या पेनल्टी एरियाच्या तोंडाशी! बोबानच्या पायात चेंडू होता आणि तो वळायला क्षणभर रेंगाळला. थुरामने तो हिसकावला, सहकारी ज्योरकाएफशी दिला-घेतला आणि उजव्या पायाने जाळ्यात घातला. सत्तराव्या मिनिटाच्या आसपास पुन्हा तसंच. उजव्या बाजूला झटापटीत चेंडू जिंकला आणि पेनल्टी एरियाच्या बाहेरून डाव्या पायाने, म्हणजे त्याच्या कच्च्या पायाने, लांबच्या कोपऱ्यात वळवून मारला. फ्रान्स 2, क्रोएशिया 1. थुराम गुडघ्यांवर बसला, ओठांवर बोट ठेवून, कसल्यातरी विचारात पडल्यासारखा. तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल.

गोलांची वाहवा झाली, व्हायलाच हवी होती. पण मला त्या दोन्ही गोलांत एक गोष्ट सारखी दिसते. दोन्हींची सुरुवात चेंडू हिसकावण्यापासून आहे. तो गोल करायला गेलाच नव्हता, चेंडू परत घ्यायला गेला होता. बचावपटूचं रोजचं काम त्याने समोरच्याच्या गोलसमोर जाऊन केलं, इतकंच.

त्याचा जन्म 1 जानेवारी 1972 चा, ग्वादेलूपचा. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट फ्रान्सचाच भाग आहे. आईने पाच मुलांना एकटीने वाढवलं. ती आधी एकटी पॅरिसला गेली, लोकांच्या घरी साफसफाईची कामं केली आणि मग मुलांना बोलावून घेतलं. लिलियन तेव्हा नऊ वर्षांचा होता. आपण काळे आहोत हे त्याला पॅरिसच्या शाळेत कळलं, असं तो सांगतो. बेटावर असताना तो फक्त लिलियन होता. शाळेतल्या मुलांनी त्याला एका कार्टूनमधल्या काळ्या गाईच्या नावाने चिडवायला सुरुवात केली, तेव्हा त्याने घरी येऊन आईला विचारलं, असं का? आईकडे उत्तर नव्हतं. लोक असेच असतात, ती म्हणाली. त्या उत्तराने त्याचं समाधान झालं नाही, आणि पुढे आयुष्यभर तो दुसरं उत्तर शोधत राहिला.

मोनॅको क्लबमध्ये प्रशिक्षक आर्सेन वेंगरच्या हाताखाली तो घडला. लहानपणी मधल्या फळीत खेळणारा मुलगा तिथं मागे आला. ऑगस्ट 1994 मध्ये चेक प्रजासत्ताकाविरुद्ध त्याने फ्रान्सची जर्सी पहिल्यांदा घातली. त्याच सामन्यात झिदानही पहिल्यांदा खेळला, बदली म्हणून उतरला आणि दोन गोल करून गेला. साहजिकच थुरामकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

1996 मध्ये तो इटलीत पार्माला गेला, आणि इथं मला थोडं थांबायचं आहे. त्या काळात बचाव शिकायचा तर इटलीतच. पार्मा हे छोटं शहर, चीज आणि हॅमसाठी प्रसिद्ध. पण त्या संघाची मागची बाजू आठवा. गोलमध्ये विशीही न गाठलेला बुफॉन, पुढे कान्नावारो, सेन्सिनी आणि थुराम. पहिल्याच मोसमात हा संघ लीगमध्ये दुसरा आला, विजेत्या युव्हेंटसपेक्षा फक्त दोन गुणांनी मागे. 1999 मध्ये मॉस्कोत त्यांनी फ्रान्सच्या मार्सेय क्लबला 3-0 हरवून यूएफा कप ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा जिंकली. त्या सामन्यात पलीकडे लोराँ ब्लाँ होता, फ्रान्सच्या बचावफळीतला थुरामचाच जोडीदार. त्याने डोक्याने गोलरक्षकाकडे मागे दिलेला चेंडू कमी पडला आणि पार्माच्या क्रेस्पोने पहिला गोल केला. इतका मोठा बचावपटू, पण एक हेडर कमी पडला तर क्षमा नाही. मागे खेळणाऱ्याचं गणित असं निर्दय असतं.

थुरामचा खेळ नुसता ताकदीचा नव्हता. तो धिप्पाड होता, वेगवान होता, पण लोळण घेऊन टॅकल करायची वेळ तो सहसा येऊच देत नसे. समोरच्याला हळूहळू बाहेरच्या रेषेकडे सरकवत न्यायचं, आत वळायची वाट बंद करायची, आणि चेंडू पायापासून वीतभर लांब गेला की मगच पाय घालायचा. ही घाई न करण्याची कला आहे. आपल्याकडे टॅकलला टाळ्या पडतात, म्हणून पोरं लगेच जमिनीवर झोकून देतात. जमिनीवर पडलेला बचावपटू पुढचे दोन सेकंद संघाच्या उपयोगाचा नसतो.

क्लबमध्ये तो मधल्या बचावात खेळायचा. तीच जागा त्याची लाडकी होती. राष्ट्रीय संघात मात्र प्रशिक्षक एमे जाके यांनी त्याला उजवीकडे लावलं, कारण मध्ये ब्लाँ आणि मार्सेल देसाई होते. त्याला ते आवडत नव्हतं. पण त्या न आवडत्या जागेवरून तो वर्ल्ड कप जिंकला, स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूंत रोनाल्डो आणि शुकेर यांच्यानंतर तिसरा ठरला, आणि दोन वर्षांनी युरो 2000 ही जिंकला.

2001 मध्ये बुफॉनबरोबर तोही युव्हेंटसला गेला. 2002 आणि 2003 अशी इटालियन लीगची लागोपाठ दोन विजेतेपदं त्यांनी मिळवली. 2003 च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये मिलानकडून पेनल्टींवर हार झाली. 2002 चा वर्ल्ड कप मी भरभर ओलांडतो. गतविजेता फ्रान्स एकही गोल न करता गटातूनच बाहेर पडला. 2004 मध्ये त्याने राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली आणि पुढच्या वर्षी झिदान आणि माकेलेले यांच्यासोबत परतला.

2006 ला तो चौतीस वर्षांचा होता आणि अखेर आपल्या लाडक्या जागी, गालासच्या शेजारी, खेळत होता. म्युनिचमध्ये पोर्तुगालविरुद्धची उपांत्य फेरी मिळाली तर पूर्ण पाहा. समोर फिगो आणि तरुण क्रिस्टियानो रोनाल्डो. झिदानच्या पेनल्टीवर फ्रान्स 1-0 जिंकला, पण सामनावीर ठरला थुराम. गोल नाही, पास नाही, नुसता बचाव. माझ्या मते त्याचा सगळ्यात मोठा सामना हाच. क्रोएशियाचा नव्हे. फायनल इटलीने पेनल्टींवर जिंकली, हे तुम्हाला माहीतच आहे.

आता मैदानातलाच, पण वेगळा प्रसंग. 6 ऑक्टोबर 2001, स्टाद द फ्रान्स, फ्रान्स विरुद्ध अल्जीरिया, मैत्रीपूर्ण लढत. फ्रान्स 4-1 पुढे असताना 76 व्या मिनिटाला प्रेक्षकांतली पोरं मैदानात घुसली. फ्रान्समध्येच वाढलेली, स्थलांतरितांच्या घरची मुलं. सामना थांबवावा लागला. बाकीचे खेळाडू आत निघून गेले आणि थुराम मैदानावर थांबला. एका मुलाला धरून तो त्याच्यावर अक्षरशः बरसत होता. स्थलांतरितांच्या मुलांबद्दल वाईट बोलायला टपून बसलेल्यांच्या हातात तुम्ही कोलीत देताय, हा त्याचा संताप होता.

तोच थुराम 2005 मध्ये, पॅरिसभोवतीच्या वस्त्या पेटल्या तेव्हा, गृहमंत्री सार्कोझी यांच्यावर उघडपणे तुटून पडला, कारण त्यांनी तिथल्या तरुणांसाठी हलकट, गुंड अशा अर्थाचा शब्द वापरला होता. आपण स्वतः त्याच वस्त्यांत वाढलो, हे त्याने ठणकावून सांगितलं. पुढच्या वर्षी पॅरिसजवळच्या काशाँमधून पोलिसांनी कागदपत्रं नसलेल्या शेकडो लोकांना एका इमारतीतून बाहेर काढलं. त्यातल्या काहींना थुराम आणि संघातला सहकारी व्हिएरा यांनी तिकिटं देऊन फ्रान्स-इटली सामन्याला बोलावलं. राजकारण्यांनी टीका केली. त्याने माघार घेतली नाही. पोरांना रागावणारा आणि मंत्र्याला सुनावणारा माणूस एकच होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. 2019 मध्ये गोऱ्या समाजातल्या श्रेष्ठत्वाच्या भावनेबद्दल तो बोलला तेव्हा वंशवादाविरुद्ध काम करणाऱ्यांपैकीही काहींनी त्याला धारेवर धरलं. सरसकट बोललास, असा आक्षेप होता. तो आक्षेप निराधार नाही. पण तो व्यवस्थेबद्दल बोलत होता, एकेका माणसाबद्दल नाही, असं मला त्याचं म्हणणं वाचून वाटतं.

युव्हेंटसला मॅच-फिक्सिंगच्या भानगडीत खालच्या विभागात ढकललं गेलं तेव्हा तो बार्सिलोनाला गेला. 2008 मध्ये पॅरिस सँ-जर्मेंशी बोलणी झाली, वैद्यकीय तपासणीत हृदयात दोष निघाला आणि खेळ थांबला. त्याचा 142 सामन्यांचा विक्रम गोलरक्षक ह्युगो लोरिसने डिसेंबर 2022 मध्ये मोडला. मोठ्या मुलाचं नाव त्याने काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारे मार्कस गार्व्ही यांच्यावरून मार्कस ठेवलं, धाकट्याचं खेफ्रेन, इजिप्तच्या फॅरोचं. दोघेही फ्रान्सकडून खेळले आहेत.

2008 मध्येच त्याने वंशवादाविरुद्ध शिक्षणासाठी एक संस्था काढली. कुणी वंशवादी म्हणून जन्माला येत नाही, तसा घडवला जातो, हे तिचं सूत्र. आईकडे नसलेलं उत्तर ते हेच. 2011 च्या अखेरीस पॅरिसच्या के ब्रान्ली संग्रहालयात त्याच्या पुढाकाराने एक प्रदर्शन भरलं. विषय होता, युरोपात माणसांची जी प्रदर्शनं मांडली जात त्यांचा इतिहास. आफ्रिकेतली, अमेरिकेतली, पॅसिफिक बेटांवरची माणसं, कुंपणाआड, तिकीट लावून दाखवलेली. 1931 मध्ये पॅरिसच्या वसाहत प्रदर्शनाच्या वेळी न्यू कॅलेडोनियातल्या कनाक लोकांना नरभक्षक म्हणून असंच उभं केलं होतं. त्यांत क्रिस्तियाँ कारांबेचे पणजोबा होते. कारांबे म्हणजे 1998 च्या संघातला मधल्या फळीचा खेळाडू, क्रोएशियाविरुद्ध त्या रात्री थुरामबरोबर मैदानात उतरलेला. थुरामने तो इतिहास पॅरिसच्या मधोमध मांडला आणि शाळेच्या मुलांना तो पाहायला बोलावलं.