ओला कचरा घरातच जिरवायचा कसा? मुंबईच्या वन बीएचकेतली खरी गोष्ट

नमस्कार मंडळी!

कचऱ्याचा विषय काढला की पहिली कमेंट ठरलेली असते. "ताई, आम्ही ओला-सुका वेगळा करतो हो, पण खाली गाडीत सगळं एकत्रच कोंबतात. मग आम्ही कशाला जीव काढायचा?"

प्रश्न रास्त आहे. दोन्ही डबे एकाच गाडीत उपडे होताना आपण सगळ्यांनीच पाहिलंय. त्यावर भांडायचं तर जरूर भांडा, मीही येते. पण तोवर ओला कचरा घराबाहेर पाठवूच नका. जे खाली गेलंच नाही, ते एकत्र कोण करणार?

आणि ओलाच का, ते ऐका. मुंबईत रोज साधारण सहा-साडेसहा हजार टन कचरा निघतो. महापालिकेच्याच अहवालांप्रमाणे त्यातला ७० टक्क्यांहून जास्त भाग अन्नाचा आणि भाजीपाल्याचा असतो. प्लास्टिकच्या नावाने आपण बोटं मोडतो, मोडायलाच हवीत, २६ जुलै २००५ ला गटारं कशाने तुंबली होती ते आपण विसरलेलो नाही. पण वजनात बघाल तर आपली गाडी भरते ती सालं, देठं, उरलेला भात आणि चहाच्या चोथ्याने. आणि हाच माल बाकी सगळ्याचं वाटोळं करतो. पेपरवर आमटी सांडली, की रद्दीवाला तो हातात धरत नाही. पुठ्ठा भिजला, की भाव गेला. बाटलीला भात चिकटला, की ती धुवायला कोण बसणार?

पुढे डंपिंगवर तर अजून मजा. ढिगाच्या आत हवा पोचत नाही. हवेशिवाय अन्न कुजलं की मिथेन तयार होतो आणि मिथेन पेट घेतो. देवनारचं डंपिंग ग्राउंड १९२७ पासूनचं आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली, तेव्हा धूर नासाच्या उपग्रहाच्या फोटोंत दिसला होता आणि आसपासच्या पालिका शाळांना सुट्टी द्यावी लागली होती. मुलुंडचं डंपिंग २०१८ मध्ये बंद झालं. आता बहुतेक कचरा कांजूरमार्गला जातो. तिथला वास कसा असतो, हे विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहणाऱ्या कुणालाही विचारा.

तर आता काम: ओल्या कचऱ्याचं घरातच खत करायचं. (डबा समोर घेते.)

हा रंगाचा रिकामा डबा, वीस लिटरचा. बिल्डिंगचं रंगकाम झालं की असे डबे जिन्याखाली पडलेले असतात, वॉचमनला सांगून ठेवा. बाजूने चारी अंगांना भोकं, तळाला पाच-सहा, खाली एक जुनी ताटली. महागडा कंपोस्टर घेतलात तरी हरकत नाही, पण आत घडतं तेच.

तळाला नारळाच्या शेंड्या पसरायच्या. बरं, कोकोपीट, म्हणजे कुंडीत घालायचा तो भुसा, नारळाच्या काथ्यातूनच निघतं. आपण आठवड्याला दोन नारळ फोडतो, शेंड्या कचऱ्यात टाकतो आणि मग ऑनलाइन कोकोपीटची वीट मागवतो. असो.

शेंड्यांवर दोन मुठी तयार खत. दह्याला विरजण लागतं, तसं यालाही जुनं खत लागतं. नसेल तर आंबट ताक शिंपडा. मग रोजचा ओला कचरा, बारीक चिरून. बारीक म्हणजे खरंच बारीक. आंब्याची कोय आणि मक्याचं कणीस अख्खं टाकलंत, तर वर्षभर तुमच्याकडे बघत राहतील. आणि प्रत्येक थरावर तितकाच सुका थर: वाळलेली पानं, फाडलेला पेपर, अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे. बहुतेक लोक नेमका हा सुका थर विसरतात आणि मग म्हणतात, वास येतो.

ओलावा तपासायचा कसा? (मूठभर खत उचलते.) हे असं मुठीत घट्ट दाबायचं. हात ओलसर झाला, पण बोटांतून थेंब गळला नाही, म्हणजे झकास. थेंब पडला तर अजून पानं, आणि तळापर्यंत ढवळा. मूठ उघडताच भुगा झाला तर पाण्याचा हबका. हे एवढं जमलं की निम्मी लढाई जिंकलात.

पांढरट-तपकिरी, जाडसर अळ्या दिसल्या तर किंचाळू नका. बहुतेक वेळा त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात. चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत आणि उरलेल्या भाताचा फडशा तुमच्यापेक्षा लवकर पाडतात. नकोच असतील तर सुका थर वाढवा. दीड-दोन महिन्यांत खालचा माल काळा, भुसभुशीत होतो, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. तुळशीला घाला, कढीपत्त्याला घाला, उरलं तर आवारातल्या झाडांना.

पावसाळ्याचं मात्र गणित वेगळं. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत पापड वाळत नाही, तिथे सुकी पानं कुठून आणणार? ती आधीच साठवायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये आवारातला बदाम लाल होऊन गळतो, तेव्हा झाडूवाल्याने पानं पेटवायच्या आत एक गोणी भरून माळ्यावर टाका. मोफतचा माल आहे.

आता खरा मुंबईकर प्रश्न: मासळी! कोळंबीची सालं आधी पाण्यात उकळून तो अर्क कढीत किंवा सारात घाला, ही चव फुकट घालवू नका. मग सालं डब्याच्या मधोमध खड्डा करून पुरायची आणि वर चार बोटं सुका थर. नुसती वरवर टाकलीत, तर मजल्यावरची सगळी मांजरं दारात. मटणाची हाडं टाकू नका, ती घरच्या डब्यात कुजत नाहीत.

"ताई, आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतो, डबा डोक्यावर ठेवू का?" खरंय. चाळ असेल तर कॉमन गॅलरीत मजल्याचा मिळून एक डबा ठेवता येतो, भांडणं झाली तरी. तेही नसेल, तर फक्त पाणी तोडा. ओला कचरा रात्रभर चाळणीत निथळू द्या आणि सकाळी पेपरात गुंडाळून द्या. तेवढ्यानेही गाडीतून रस्त्यावर गळणारं ते घाण पाणी कमी होतं. शिवाय तुमचा डबा रोज कुणीतरी हाताने उचलतं, हे लक्षात असू द्या. मुंबईतल्या कचरावेचक बायकांना संघटित करण्याचं काम स्त्री मुक्ती संघटना 'परिसर विकास'मधून वर्षानुवर्षं करतेय. त्यांचं पहिलं मागणं काय असणार? कचरा वेगळा द्या. म्हणून पॅड, डायपर, ब्लेड, फुटलेली काच हे सगळं कागदात नीट गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळं द्या. यात आळस नको.

ओला निघून गेला की सुक्याला फार अक्कल लागत नाही. एकच गोष्ट दाखवते. (दुधाची पिशवी आणि कात्री.) आपण कोपरा कसा कापतो? टक्कन. तो इवलासा तुकडा बेसिनमधून गटारात जातो, कुणाच्याच हाती लागत नाही. त्याऐवजी अशी चीर द्या, कोपरा पिशवीलाच लटकत राहील. पिशवी विसळा, खिडकीच्या गजाला वाळत टाका, महिन्याचा गठ्ठा भंगारवाल्याला द्या. तिथून असा माल धारावीच्या तेरा कंपाऊंडसारख्या भंगाराच्या वस्तीत जातो, निवडला जातो, त्याचे पुन्हा वापरायचे प्लास्टिकचे दाणे होतात.

डब्यांच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पाण्याची बाटली, २ म्हणजे शॅम्पूचे वगैरे जाड डबे, ५ म्हणजे हॉटेलच्या पार्सलचे डबे. धुऊन दिलेत तर हे सहसा जातात. वेफर्सचं चकचकीत पाकीट मात्र कुणी घेत नाही, कारण त्यात प्लास्टिक आणि धातूचे थर चिकटवलेले असतात. त्यावर उपाय घरात नाही, दुकानात आहे. फरसाणवाल्याकडे स्वतःचा डबा न्या, तो आधी रिकामा डबा वजन करून घेईल. प्लास्टिकची पिशवी मागूही नका. २०१८ च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीप्रमाणे पहिल्याच वेळी ५,००० रुपये दंड आहे. जुने कपडे बोहारणीला द्या, घासाघीस करायला आईला पुढे करा.

शेवटचं, मोठ्या सोसायटीवाल्यांसाठी. २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठं आवार किंवा रोज १०० किलोहून जास्त कचरा असेल, तर ओला कचरा आवारातच जिरवायला महापालिकेने २०१७ मध्येच सांगितलंय. त्यामुळे मीटिंगला कधीतरी मशीनवाला येतोच. "२४ तासांत खत, मॅडम!" एका दिवसात खत होत नाही. यातली बरीचशी यंत्रं कचरा तापवून फक्त वाळवतात. त्याची ती तपकिरी पावडर वाटीत घ्या, पाणी घाला, झाकून दोन दिवस ठेवा आणि वास घ्या. नासक्या भाजीचा वास आला, तर कमिटीला सांगा, चेकवर सही नको.