एकच कोपरा मागे का जातो?

(सोलापुरात एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आज मी एकाच तक्रारीवर बोलणार आहे: कपाळावरची केसांची रेषा एकाच कोपऱ्यात मागे जाणं. "मॅडम, उजवा कोपरा पार मागे गेलाय, डावा आहे तसाच आहे." असं सांगणाऱ्या मुलाच्या पिशवीत बहुतेक वेळा दोन-तीन बाटल्या आधीच असतात. तेल असतं, सिरम असतं, कुणीतरी सुचवलेलं मलम असतं. डोकं मात्र कुणी नीट बघितलेलं नसतं. माझा आग्रह एवढाच आहे, की रेषा वाकडी का झाली ते आधी ठरवा आणि बाटली मग घ्या. याची कारणं वेगवेगळी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि कधी कधी बाधतंही.

काहींच्या बाबतीत आजार नसतोच. १७-१८ वर्षांनंतर मुलांची लहानपणची गोल रेषा थोडी वर सरकते, कोपरे पडतात. कुणाचेही दोन कोपरे तंतोतंत सारखे नसतात. कपाळाशी भोवरा असेल तर त्या बाजूचा कोपरा जास्तच खोल दिसतो. वर्षभराच्या फोटोंत फरक नसेल, केसांची जाडी टिकून असेल, तर औषधाची गरज नाही.

आपल्याकडे पहिला दोष पाण्याला दिला जातो. बोअरच्या जड पाण्याने केस राठ होतात, तुटतात, हे खरं आहे. पण पाणी सगळ्या डोक्यावर पडतं. त्याने टक्कल पडत असतं, तर कानामागचे आणि मानेवरचे केसही गेले असते. आनुवंशिक टकलात नेमके तेच शेवटपर्यंत टिकतात. टक्कल कशाने पडतं याचा उलगडा १९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने केला. वयात येण्याआधीच ज्यांचे वृषण काढावे लागले होते, अशा पुरुषांना टक्कल पडत नव्हतं. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस जाऊ लागले, इतरांचे टिकले. म्हणजे हार्मोन हवा आणि आनुवंशिकताही हवी. ती आईकडून येते आणि वडिलांकडूनही येते. फक्त मामाकडे बघून अंदाज बांधू नका.

टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचा हार्मोन तयार होतो. कपाळाच्या कोपऱ्यांची आणि टाळूची केसांची मुळं त्याला संवेदनशील असतात. जुना केस गळून नवा येतो, त्या प्रत्येक फेरीत उगवणारा केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड येतो, शेवटी नुसती लव उरते. प्रत्येक मुळाची संवेदनशीलता वेगळी असते. म्हणून एक कोपरा आधी जातो, दुसरा मागून येतो. 'डावा चांगला आहे' म्हणणाऱ्याचा डावा कोपरा आम्ही डर्मोस्कोपखाली, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाखाली धरतो, तेव्हा तिथेही जाड केसांच्या मधे बारीक केस मिसळलेले दिसतात. म्हणून औषध दोन्ही बाजूंना लावायचं असतं.

आता चाई. हिचा वेग वेगळा असतो. आठ-पंधरा दिवसांत एक गोल, गुळगुळीत चकती पडते. ती कपाळाच्या कडेवर आली की रेषेचा लचका तोडल्यासारखा दिसतो. बऱ्याचदा ती पहिल्यांदा सलूनवाल्याच्याच लक्षात येते. चकतीच्या काठाला आखूड तुटके केस दिसतात, वर जाड आणि मुळाशी निमुळते, उद्गारचिन्हासारखे. ही कीड नाही. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून केसांच्या मुळांवर उलटते. लसूण, कांदा चोळून चोळून कातडी भाजून घेतलेली लहान लेकरं आमच्याकडे येतात, तेव्हा फार वाईट वाटतं. लहान चकती पुष्कळदा आपोआप भरते. नाही भरली तर डॉक्टर स्टेरॉइडचं मलम किंवा तिथल्या तिथे इंजेक्शन देतात. पण तोच डाग नायट्याचा असेल, खपली असेल, खाज असेल, तर स्टेरॉइडच्या मलमाने तो पसरतो. मुलाच्या डोक्यावरच्या नायट्याला पोटातूनच औषध द्यावं लागतं. म्हणून दुकानातून परस्पर ट्यूब आणू नका.

बायकांचा आणि मुलींचा प्रश्न निराळा. वर्षानुवर्षं एकाच बाजूला भांग, घट्ट वेणी, ताणून बांधलेला अंबाडा. ज्या बाजूला ओढ जास्त, तिथली रेषा मागे जाते. अशा वेळी कपाळाच्या अगदी कडेला बारीक केसांची एक झालर शिल्लक राहते, कारण ते आखूड केस वेणीत येतच नाहीत. ही झालर दिसली की आम्ही आधी वेणी सैल करायला सांगतो. लवकर ओढ थांबली तर केस परत येतात. फार वर्षं झाली तर मुळं कायमची जातात. झालरही नाही, कातडी चकचकीत झालीय, भुवयाही विरळ होतायत, विशेषतः पाळी गेल्यानंतर, तर थांबू नका. तो व्रण पाडत जाणारा आजार असतो, गेलेले केस परत येत नाहीत, उरलेले वाचवायचे असतात. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी झडणारे केस सगळ्या डोक्यावरून जातात. ते बहुतेक परत येतात.

आनुवंशिक गळतीवर खात्रीची औषधं दोनच. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध. रुग्णांच्या अंगावर केस वाढलेले दिसले, तेव्हा ते डोक्याला लावायचं औषध झालं. पुरुषांसाठी ५ टक्क्यांचं, १ मिली, दिवसातून दोनदा, कोरड्या डोक्याला लावायचं. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढते, आणि नेमकी तेव्हाच मुलं घाबरून बाटली फेकून देतात. थांबा. चार-सहा महिन्यांशिवाय निकाल कळत नाही. बंद केलं की मिळवलेले केस हळूहळू जातात. दुसरी फिनास्टराइडची १ मिलिग्रॅमची गोळी, जी डीएचटी कमी करते. थोड्या पुरुषांना लैंगिक इच्छा किंवा ताठरता कमी झाल्याचं जाणवतं, काहींचं मन उदास होतं. संकोच न करता सांगा. ही गोळी घेताना पीएसए या प्रोस्टेट ग्रंथीच्या रक्ततपासणीचा आकडा निम्म्यावर येतो, तेव्हा तपासणी लिहिणाऱ्या डॉक्टरांना कल्पना द्या. गरोदर बाईने तुटलेली गोळी हातातही धरू नये, पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीला धोका असतो.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातून तिरुपतीला केस देऊन येणारे खूप आहेत. श्रद्धेने जरूर द्या. पण गोटा केल्याने नवा केस जाड येत नाही. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून हाताला भरभरीत लागतं. मूळ कातडीच्या खाली असतं, वस्तरा तिथवर पोचत नाही.

केसांच्या प्रत्यारोपणाबद्दल विचारणारे बरेच जण विशीतले असतात. लग्न ठरायचंय, कोपरा भरून हवाय. मी त्यांना थांबवते. मागून काढून पुढे लावलेला केस आपला टिकाऊ स्वभाव घेऊन येतो, पण त्याच्या मागचे मूळचे केस जातच राहतात. २२व्या वर्षी भरलेला कोपरा ३२व्या वर्षी पुढे एकटाच उभा राहतो. मागचा साठा मोजका असतो, एकदा काढलेलं मूळ तिथे पुन्हा येत नाही. आधी वर्षभर औषध घ्या, दर तीन महिन्यांनी त्याच उजेडात, केस मागे घेऊन दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मगच ठरवा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली स्पष्ट केलंय, की ही शस्त्रक्रिया प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरनेच करायची. तेव्हा पैसे भरण्याआधी विचारा: चिरे कोण पाडणार, भूल कोण देणार, आणि सहा महिन्यांनी दाखवायला आलो तर भेटणार कोण?