घरी एलईडी टेल लाइट बनवताय? १२ व्होल्ट धरून हिशेब करू नका

नमस्कार मंडळी! हा बोर्ड कॅमेऱ्याजवळ धरतो, नीट बघा. पाच लाल एलईडींची एक माळ. यातला हा मधला एलईडी गेला, आणि सगळे एकामागे एक जोडलेले असल्यामुळे पाचही विझले. मला हे कळलं तेव्हा मी रस्त्यावर होतो, रात्रीची वेळ होती.

चूक हिशेबात होती. बॅटरी १२ व्होल्टची, लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, पाचांचे १०. उरले २. करंट हवा २० मिलीअँपिअर, म्हणून मी १०० ओहमचा रेझिस्टर (करंटला आवर घालणारा भाग) लावला. टेबलावर झकास चाललं. पण इंजिन सुरू झालं की गाडीतला व्होल्टेज १४.४ पर्यंत चढतो. मग त्या रेझिस्टरवर २ ऐवजी ४.४ व्होल्ट येतात आणि करंट होतो ४४ मिलीअँपिअर. दुपटीहून जास्त! १४.४ धरला असता तर उत्तर आलं असतं २२० ओहम. हल्ली मी एका माळेत तीनच एलईडी घेतो. रेझिस्टर जरा जास्त तापतो, पण इंजिन बंद असो की चालू, उजेड फारसा बदलत नाही.

आता ब्रेकचं बघू. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा. जुन्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, टेलला ५ वॉटचं आणि ब्रेकला २१ वॉटचं. मागच्या ड्रायव्हरला ब्रेक ओळखू येतो तो या फरकामुळे. आपण एलईडी तेच ठेवतो, फक्त टेलची वायर मोठ्या रेझिस्टरमधून आणतो, ब्रेकची लहान रेझिस्टरमधून. दोन्हींवर एकेक डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, हवाच, नाहीतर ब्रेकचा करंट उलटा टेलच्या वायरीत शिरतो. डायोड ०.७ व्होल्ट खातो, तेही हिशेबात धरा.

एलईडीचा मोठा फायदाही इथेच आहे. फिलामेंट तापून पेटायला साधारण ०.२ सेकंद जास्त घेतं. ताशी १०० किलोमीटरला तेवढ्यात मागची गाडी साडेपाच मीटर पुढे आलेली असते.

तपासणी मात्र भर उन्हात करा, अंधारात सगळंच झगमगतं. कुणाला तरी ब्रेक दाबायला बसवा आणि वीसेक पावलं मागे जा. मग बाजूला सरका. ५ मिलिमीटरचे पारदर्शक एलईडी समोरून डोळे दिपवतात, तिरकं पाहिलं की गायब! म्हणून रुंद कोनाचेच घ्या. लाल लेन्समागे लालच एलईडी लावा. पांढऱ्याचा बराच उजेड लेन्स गिळते. आणि मूळ रिफ्लेक्टर काढू नका, बंद पडलेली गाडी अंधारात तोच दाखवतो. असा बदल तुमच्याकडे कायद्यात बसतो का, तेही आधी बघून घ्या.

लेन्स चिकटवल्यावर पाइपने पाणी मारा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतून धुकं धरलेलं दिसलं, तर परत उघडायचं.

चला, सोल्डरिंग आयर्न तापलंय. पहिली माळ जोडूया.