नकाशाची चतुःसीमा

विषय ‘प्रक्षेपणांच्या व्याख्यांचं रूपांतर’ असा छापलाय (म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर कशी उतरवली याचं वर्णन एका सॉफ्टवेअरच्या भाषेतून दुसऱ्याच्या भाषेत नेणं), तरी एवढी मंडळी आलात, म्हणजे बाहेर ऊन फार असणार.

देवळापासून सुरुवात करतो. कृष्णाकाठच्या एका गावाच्या सीमा जुन्या लॅम्बर्ट प्रक्षेपणात होत्या. प्रक्षेपणाचा आरंभबिंदू अक्षांश १९, रेखांश ८०, स्केल फॅक्टर म्हणजे मापाचा गुणक ०.९९८७८६४१, फॉल्स ईस्टिंग म्हणजे पूर्वेकडच्या अंतरात मुद्दाम मिळवलेला आकडा २७४३१९५.५ मीटर. हा अर्धा मीटर कुठून उगवला? साहेबानं मोजून ३० लाख यार्ड धरले होते, तेही ‘भारतीय’ यार्ड. मीटरमध्ये आणल्यावर असं होतं. आमच्या सहकाऱ्यानं प्रोज स्ट्रिंग, म्हणजे प्रोज या रूपांतराच्या सॉफ्टवेअरसाठीची एका ओळीची व्याख्या, हातानं लिहिली, डब्ल्यूजीएस ८४ कडे, म्हणजे जीपीएसच्या जागतिक चौकटीकडे, सरकवायचे २९५, ७३६, २५७ हे आकडे शेवटी जोडले, शेपफाइल (नकाशाची फाइल) करून धाडली. समोरच्या कार्यालयानं ती उपग्रहचित्रावर ठेवली आणि महादेवाचं देऊळ थेट नदीपात्रात! सरपंच म्हणाले, ‘देव आंघोळीला गेला काय?’

चूक कुणाची, यावर तीन महिने पत्रं चालली. मला त्याचा राग अजून आहे. शेपफाइलीसोबत प्रक्षेपणाची व्याख्या जाते ती पीआरजे फाइलीत, आणि एस्री कंपनीच्या या फाइलीत त्या तीन आकड्यांना जागाच नसते. रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरनं ते गाळले आणि चकार शब्द काढला नाही. आमच्या भागात त्याची किंमत शे-दीडशे मीटर.

त्यात एव्हरेस्ट. भारताची मोजणी करणारे जॉर्जसाहेब स्वतःचं आडनाव ‘ईव्हरेस्ट’ असं उच्चारायचे, ते असो. शिखर एकच आहे, पण प्रोजच्या यादीत त्या नावाचे एलिप्सॉइड, म्हणजे मोजणीसाठी मानलेले पृथ्वीचे चपटे गोल, पाच! फुटांचे मीटर करताना कुणी कुठला फूट धरला, त्यातून बहुतेक घोळ झालाय. आणि आपल्या जुन्या नकाशांची मोजणी-चौकट कल्याणपूर १९७५, तिच्या गोलाचा मोठा अर्धअक्ष, ६३७७२९९.१५१ मीटर, त्या पाचांत नाहीच. नावात ‘१८३०’ वाचून यादीतला पहिला उचललात की सुमारे २३ मीटर कमी. (कल्याणपूर मध्य प्रदेशातलं. मुंबईकरांनी लोकल धरू नये.)

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर मुद्दा. खरेदीखतात गट नंबर असतो, तरी पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण हे लिहितोच ना आपण? हातानं केलेल्या व्याख्येला तर ईपीएसजीचा, म्हणजे अशा व्याख्यांच्या जागतिक यादीचा, क्रमांकही नसतो. मग तिच्यासोबत एक ओळखीचा बिंदू द्या, अक्षांश-रेखांश आणि ईस्टिंग-नॉर्दिंग (नकाशावरची पूर्व-उत्तर अंतरं) दोन्ही लिहून. प्रत्येक रूपांतरानंतर तोच बिंदू फिरवून पाहा. मूळ व्याख्या डब्ल्यूकेटी-२ या व्याख्या लिहायच्या सविस्तर, नव्या पद्धतीत ठेवा, तिच्यात ते सरकवणंही बसतं. २०१९ च्या प्रोज ६ पासून प्रोजइन्फो ही आज्ञा ते काढून देते. प्रोज स्ट्रिंग म्हणजे कामापुरती चिठ्ठी, दस्त नव्हे. एका समांतराचं (एकाच प्रमाण अक्षांशावर बेतलेलं) लॅम्बर्ट जुन्या डब्ल्यूकेटी-१ मध्ये नावाला ‘१एसपी’ लावून येतं, एस्रीत ती शेपटी नसते. नाव जुळलं नाही म्हणून घाबरू नका, आकडे जुळवा.

अक्षांचा क्रम राहिलाच. तो चहाच्या वेळी विचारा, पण अक्षांश आधी की रेखांश यावर वाद घालायचा असेल, तर चहा तुमच्याकडून.