21 पालथी पानं

कॅट पिसून झाला. जोकर बाजूला काढले, राहिली 52 पानं. समोर कुणी बसलेलं नाही, तरी पानं वाटायची आहेत.

हा सॉलिटेअर. यातला सर्वांत ओळखीचा प्रकार म्हणजे क्लोंडाइक. कॅनडातल्या ज्या भागात 1896 मध्ये सोनं सापडलं, त्या भागाचं हे नाव.

डावीकडून सात ढीग मांडा. पहिल्यात एक पान, दुसऱ्यात दोन, असं करत सातव्यात सात. प्रत्येक ढिगाचं वरचं पान तेवढं उताणं. ढिगांत एकूण 28 पानं, त्यातली 7 दिसतात, 21 दिसत नाहीत. डाव खरा या 21 पानांशी आहे. उरलेल्या 24 पानांची गड्डी बाजूला.

वर चार जागा मोकळ्या ठेवायच्या. एक्का निघाला की तिथे बसतो. त्यावर त्याच चिन्हाची दुर्री, तिर्री, थेट राजापर्यंत. चारही चिन्हं राजापर्यंत पोचली की डाव सुटला. खाली मात्र उलटं. तिथे उतरता क्रम, आणि रंग आलटून पालटून. एरवी पत्त्यांत रंग म्हटलं की आपण इस्पिक, बदाम असं समजतो. इथे रंग म्हणजे अक्षरशः रंग, लाल किंवा काळा. बदामाच्या नव्वीवर किलवरची अठ्ठी चालते, चौकटची नाही. लागलेली माळ अख्खी उचलता येते. ढीग रिकामा झाला, तर तिथे फक्त राजा येतो, एकटा किंवा आपल्या माळेसकट.

काहीच हलत नसेल तर गड्डी. कुणी एकेक पान काढतं, कुणी तीन-तीन. तीनच्या खेळात वरचंच पान वापरता येतं. पण एक पान वापरलं की पुढच्या फेरीत तिघांची जुळणी सरकते आणि दबलेलं पान वर येतं. गड्डी संपली की उलटून पुन्हा सुरू.

आता हा क्षण बघा. इस्पिकची सत्ती उघडी आहे. लाल छक्क्या दोन, एक दुसऱ्या ढिगावर, एक सहाव्यावर. कुठली उचलाल? सहाव्याखाली पाच पानं दडलीत, दुसऱ्याखाली एकच. मी सहावी उचलेन. दुसरा ढीग रिकामा करायची घाई कशाला, राजा कुठेय हातात?

दुसरी घाई वरच्या जागांची. एक्का आणि दुर्री बेलाशक वर पाठवा. पण बदामाची छक्की वर गेली, की काळ्या पंजीला बसायला खाली एक जागा कमी झाली.

1990 मध्ये हा डाव विंडोज 3.0 मध्ये आला. लिहिला वेस चेरी या इंटर्नने, पानं रेखाटली सुझन केअर यांनी. माउसने वस्तू उचलून दुसरीकडे ठेवायची सवय लोकांना याच पानांनी लावली.

त्याआधी, 1946 मध्ये, स्टॅनिस्लाव उलाम हे गणितज्ञ आजारातून उठत होते आणि वेळ घालवायला कॅनफिल्ड नावाचा सॉलिटेअर खेळत होते. डाव सुटण्याची शक्यता किती? सूत्राने काढायला गेलं तर गुंता फार. मग त्यांना वाटलं, शंभरदा मांडून किती सुटले ते मोजलं तर? याच विचारातून मॉन्टे कार्लो पद्धत आकाराला आली आणि अणुभौतिकीच्या गणितांना लागली.

क्लोंडाइकचंही मोजून झालंय. तीन-तीन पानांच्या खेळात, प्रत्येक पान कुठे आहे हे आधीच माहीत असेल, तर 100 पैकी सुमारे 82 डाव सुटू शकतात. आपल्याला ते माहीत नसतं, म्हणून आपले त्याहून बरेच कमी सुटतात.

आणि हे बघा, एकविसावं पान उलटलं. एकेक पान काढत असाल तर आता अडायचं कारण नाही. उरलेल्यांतलं सर्वांत लहान पान एकतर माळेच्या टोकाला आहे, नाहीतर गड्डीत. त्याच्यावर बसायला त्याहून लहान कुणी उरलेलंच नाही.