एक सेनापती, दोन गाद्या

[दृश्य : जालना जिल्हा, असई गाव. नदीचं पात्र.]

२३ सप्टेंबर १८०३. या काठावर घोड्यावर बसलेला एक इंग्रज अधिकारी पलीकडे निरखून बघतोय. वाटाडे सांगतायत, साहेब, इथं उतार नाही. पण त्याला दोन तीरांवर समोरासमोर दोन गावं दिसतात. उतारच नसेल तर माणसं अशी आमनेसामने कशाला राहतील? तो फौज पाण्यात घालतो. उतार निघतो. संध्याकाळपर्यंत शिंदे-भोसल्यांच्या फौजा हरलेल्या असतात.

अधिकाऱ्याचं नाव आर्थर वेलस्ली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, तो हाच.

त्याच वर्षी मे महिन्यात याच्याच फौजेच्या बळावर दुसरा बाजीराव पुण्याच्या गादीवर परत बसला होता. बारा वर्षांनी, जुलै १८१५ मध्ये, याच्याच फौजेच्या आधारानं फ्रान्सचा राजा अठरावा लुई पॅरिसला परतला. सेनापती तोच, कामही तेच. पण १८१८ साल बघा. त्या साली पेशवाई बुडाली, मुलूख ईस्ट इंडिया कंपनीनं घशात घातला. आणि त्याच साली, नोव्हेंबरात, इंग्रज फौज फ्रान्समधून गाशा गुंडाळून घरी गेली. फ्रान्सचा एक तालुकासुद्धा न घेता. हिंदुस्थान गिळणाऱ्या इंग्रजांनी युरोपात हात आखडता का घेतला?

[दृश्य : जुना नकाशा. बोट एकेका बंदरावर थांबतं.]

हा काही मनाचा मोठेपणा नव्हता. घ्यायचं ते घेतलंच : माल्टा, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचं केप, सिलोन (आजचं श्रीलंका), मॉरिशस, उत्तर समुद्रातलं चिमुकलं हेलिगोलँड. सगळे जहाजांच्या वाटेवरचे थांबे. जावासारखं श्रीमंत बेट मात्र डचांना परत दिलं, कारण शेजारी हॉलंड धडधाकट हवं होतं.

खरी मेख खर्चात होती. हिंदुस्थानात कंपनीचे शिपाई बहुतेक इथलेच आणि त्यांचा पगारही इथल्याच शेतसाऱ्यातून. आपल्याच पैशानं आपल्यालाच जिंकलं, म्हणा ना. फ्रान्स दाबून ठेवायचा तर माणसंही स्वतःची आणि पैसाही स्वतःचा. माणसं होती कुठे? खुद्द वॉटर्लूवर वेलिंग्टनच्या हाताखालचे निम्म्याहून अधिक सैनिक डच, बेल्जियन, हॅनोव्हरचे नाहीतर इतर जर्मन होते. वर प्रशिया या जर्मन राज्याचा सेनापती ब्लूखर आपली फौज घेऊन वेळेवर धावून आला, म्हणून निभावलं. इतकी वर्षं लंडननं युरोपात लढाई केली ती मुख्यतः आरमारानं आणि थैलीनं : ऑस्ट्रिया, प्रशिया, रशियाला पैसे पुरवायचे आणि जमिनीवर त्यांनी लढायचं.

आता थैलीही रिकामी. सरकारी कर्ज देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या दुपटीच्या आसपास. १८१६ मध्ये सरकारनं प्राप्तिकर चालू ठेवायचं म्हटलं, तर पार्लमेंटनं ३७ मतांनी तो उडवून लावला. विजयाला अजून वर्षही झालं नव्हतं! खड्या फौजेचा तर या लोकांना पिढीजात संशय. १६८९ पासून शांततेच्या काळात फौज बाळगायची तर पार्लमेंटची मंजुरी लागायची.

आणि शेजारी कसे? रशियाचा झार १८१४ मध्येच आपल्या फौजेसह पॅरिसमध्ये शिरला होता. युरोपात एकानं मोठा घास घेतला की बाकीचे एकवटतात, हे नेपोलियननं नुकतंच भोगलं होतं. परराष्ट्रमंत्री कॅसलरे याला अँटवर्प बंदराची चिंता होती, कारण तिथून निघालेलं आरमार थेट थेम्सच्या तोंडाशी येऊ शकतं. पण त्यानं ते स्वतः घेतलं नाही. बेल्जियम हॉलंडला जोडून दिला, म्हणजे ते फ्रान्सच्या हाती पडायला नको.

वॉटर्लूनंतर फ्रान्समध्ये दोस्तराष्ट्रांची दीड लाख फौज होती, त्यात ब्रिटिश सुमारे ३० हजार. मुदत पाच वर्षांपर्यंतची. तीन वर्षांतच ती उठवली, आणि तिचा सरसेनापती होता वेलिंग्टन.

[दृश्य : हॅनोव्हर, राजवाड्याची बाग.]

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते हॅनोव्हर. हे जर्मन राज्य १७१४ पासून इंग्लंडच्या राजाच्याच हाती होतं, न लढता मिळालेलं. १८३७ मध्ये व्हिक्टोरिया राणी झाली. हॅनोव्हरच्या कायद्यानुसार काका असताना तिला ती गादी मिळू शकत नव्हती, म्हणून गादी काकाकडे गेली. कायदा बदलून घ्यावा, फौज पाठवावी, असलं काही लंडननं केलं नाही. १८६६ मध्ये प्रशियानं हॅनोव्हर गिळलं, तेव्हाही लंडन गप्पच बसलं.